सोयुझमुल्तफिल्म: युद्धावरून परतलेल्यांची कार्टून्स



गेल्या काही भागांत आपण स्टालिनग्राडची लढाई पाहिली. त्यानंतर बऱ्याच जणांचे निरोप आले, की कर्नलसाहेब, आता जरा हलकं काहीतरी घ्या. इंदूरच्या एका काकूंनी तर स्पष्टच कळवलं, "नातवंडं शेजारी बसलेली असतात, त्यांना ऐकवता येईल असं बोला." हुकूम मान्य. आज मॉस्कोतल्या एका कार्टून स्टुडिओची गोष्ट. पण आधीच सांगून ठेवतो, मी विषय फारसा बदललेला नाही. त्याच युद्धातून जी माणसं जिवंत घरी परतली, त्यांतल्या काहींनी पुढे आयुष्यभर काय केलं, हे आज बघायचं आहे.

या स्टुडिओची आणि माझी ओळख १९८८ साली झाली. मी तेव्हा कॅप्टन होतो, सिग्नल्सचा. काही उपकरणांच्या प्रशिक्षणासाठी आमची एक तुकडी सोव्हिएत युनियनमध्ये गेली होती. दिवसभर वर्ग, संध्याकाळी मेसमधला टीव्ही. रोज रात्री मुलांसाठी एक कार्यक्रम लागायचा, 'शुभ रात्री, मुलांनो' अशा अर्थाच्या नावाचा. त्यात एक छोटं कार्टून दाखवायचे. आम्हाला भाषा शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, हे रोज बघा, तुमची रशियन या मुलांएवढीच आहे. म्हणून भारतीय लष्कराचे सहा-सात अधिकारी रोज रात्री शिस्तीत ओळीने बसून कार्टून बघायचे.

आमचे एक वयस्कर प्रशिक्षकही कधीकधी येऊन बसायचे. वर्गात हा माणूस कधी हसला नाही. पण टीव्हीवर एक लांडगा सशामागे धावताना धपकन पडला, की ते पोट धरून हसायचे. एकदा ते लांडग्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हा आवाज पापानोवचा. गेल्या वर्षी वारला. युद्धात त्याच्या पायाची बोटं गेली होती." एवढंच बोलले आणि पुन्हा कार्टून बघू लागले. मला त्या रात्री पहिल्यांदा वाटलं, की ही कार्टून्स कोणी केली आहेत ते शोधलं पाहिजे. शोधायला निवृत्तीपर्यंत वेळ मिळाला नाही, ते सोडा.

सुरुवात

१९३५ साली मॉस्कोत आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव झाला. त्यात डिस्नेची कार्टून्स दाखवली गेली आणि सोव्हिएत अधिकारी चाट पडले. त्यांच्याकडे कार्टून करणारे चित्रकार होते, पण वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेले. सरकारने ठरवलं, यांना एका छपराखाली आणायचं. १० जून १९३६ रोजी 'सोयुझदेतमुल्तफिल्म' स्थापन झाला. पुढच्या वर्षी नाव आटोपशीर करून 'सोयुझमुल्तफिल्म' ठेवलं. 'सोयुझ' म्हणजे संघ, 'मुल्तफिल्म' म्हणजे कार्टून चित्रपट.

कामाचा आवाका समजण्यासाठी एक हिशेब सांगतो. पडद्यावर एका सेकंदाला २४ चौकटी जातात. दहा मिनिटांच्या चित्रपटाला १४,४०० चौकटी. एक चित्र दोन चौकटींना वापरलं, तरी ७,२०० चित्रं. प्रत्येक चित्र आधी कागदावर, मग पारदर्शक सेल्युलॉइडवर शाईने उतरवायचं, मागून रंग भरायचा, मग कॅमेऱ्याखाली ठेवून एकेक चौकट घ्यायची. हे एका माणसाचं काम नव्हे. इथे कारखान्यासारखी शिस्त लागते. सुरुवातीची वर्षं स्टुडिओने डिस्नेची पद्धत गिरवली. नंतर 'एक्लेर' नावाची एक रीत फार वापरली: खऱ्या नटांकडून प्रसंग करवून घ्यायचा, त्याचं चित्रीकरण करायचं आणि त्यावरून माणसाच्या हालचाली कागदावर उतरवायच्या.

समरकंद

१९४१ च्या जूनमध्ये जर्मनीने हल्ला केला. हिवाळ्याच्या तोंडावर शत्रू मॉस्कोच्या वेशीवर आला, हे आपण आधीच्या भागांत पाहिलं. कारखाने उचलून पूर्वेकडे नेले तसा हा स्टुडिओही नेला, थेट समरकंदला. कित्येक चित्रकार आघाडीवर गेले. त्यातले काही परतले नाहीत.

मागे राहिलेल्यांनी आधी हिटलरविरोधी प्रचारपट केले. ते होणारच होतं. मला नवल पुढचं वाटतं. युद्ध ऐन भरात असताना, १९४३ साली, वालेंतिना आणि झिनाइदा ब्रुमबेर्ग या दोघी बहिणींनी पुश्किनच्या 'राजा साल्तान'च्या परीकथेवर चित्रपट पूर्ण केला. देशात भाकरी मोजून मिळत होती आणि कोणीतरी बसून राजहंसाची राजकन्या रंगवत होतं. लष्करी माणूस म्हणून मी हा प्रश्न स्वतःला विचारला, की त्या परिस्थितीत मी अशा कामाला रंग आणि माणसं मंजूर केली असती का? प्रामाणिक उत्तर, बहुधा नाही. आणि माझी चूक झाली असती.

युद्ध संपल्यावर, १९४७ साली, इव्हान इव्हानोव-वानो यांचा 'कुबड्या घोडा' आला. पूर्ण लांबीचा, रशियन लोककलेच्या रंगांत न्हालेला. पुढे त्याची मूळ फिल्म खराब झाली, तेव्हा याच गृहस्थांनी वयाच्या पंचाहत्तरीत, १९७५ साली, तो चित्रपट पुन्हा नव्याने केला.

वायरलेसवरचा माणूस

आता माझ्या आवडत्या माणसाकडे येतो. फ्योदोर खित्रुक, जन्म १९१७. लहानपणी वडिलांच्या कामानिमित्त काही काळ जर्मनीत राहिलेला, त्यामुळे जर्मन उत्तम. स्टुडिओत नोकरीला लागला आणि युद्ध आलं. लष्कराने त्याला शत्रूची वायरलेस संभाषणं ऐकण्याच्या कामावर घेतलं. युद्ध संपल्यावरही दुभाषा म्हणून त्याला जर्मनीत ठेवून घेतलं. तो घरी परतला १९४७ साली.

हे काम काय असतं ते मी सांगू शकतो, माझी फलटण तीच. तासन्‌तास कानाला हेडफोन लावून तुम्ही शत्रूचा आवाज ऐकता. हळूहळू ते आवाज ओळखीचे होतात. कोण खोकतो, कोण घाईत बोलतो, कोण आज घाबरलेला आहे, हे कळायला लागतं. शत्रू हा नकाशावरचा बाण राहत नाही, माणूस होतो. खित्रुकचे चित्रपट बघताना मला हे सारखं आठवतं, कारण त्याची पात्रं आवाजावरून आणि चालीवरून ओळखू येतात.

परतल्यावर पंधरा वर्षं तो दुसऱ्यांच्या चित्रपटांवर काम करत राहिला. १९६२ साली, वयाच्या पंचेचाळिशीत, स्वतःचा पहिला चित्रपट केला: 'एका गुन्ह्याची गोष्ट'. एक साधा, नाकासमोर चालणारा कारकून. शेजाऱ्यांच्या गोंगाटाने त्याला रात्रभर झोप लागत नाही आणि शेवटी तो हातून भलतंच करून बसतो. सपाट, कोनदार चित्रं, डिस्नेचा मागमूस नाही. या एका चित्रपटाने स्टुडिओची वाट बदलली. आता मोठ्यांसाठीही कार्टून करता येतं आणि ते आपल्या चाळीतलं, आपल्या ऑफिसातलं असू शकतं, हे सगळ्यांना कळलं.

१९६९ ते १९७२ या काळात त्याने 'विनी-पूह'चे तीन भाग केले. गोष्ट इंग्रजी, पण अस्वल अस्सल रशियन: गुबगुबीत, तपकिरी, स्वतःशीच गुणगुणत चालणारं. त्याचं संगीत मोइसेई वाइनबर्गचं. हा वाइनबर्ग पोलंडचा ज्यू, १९३९ साली एकटा पळून सोव्हिएत हद्दीत आला. मागे राहिलेले आई, वडील आणि बहीण नाझींनी मारले. पूहचं ते मजेशीर, डुलतं गाणं त्याच माणसाने रचलं आहे. १९७४ साली खित्रुकच्या 'बेट' या छोट्या चित्रपटाला कान महोत्सवात लघुपटांचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं.

आपला जंगलप्रदेश, त्यांच्या पडद्यावर

आपल्या देशाचा या स्टुडिओशी संबंध जुना आहे. १९५४ साली लेव अतामानोव यांनी भारतीय लोककथांवरून 'सोनेरी हरिणी' हा चित्रपट केला. सोनेरी हरिण म्हटलं की आपल्याला मारीच आठवतो. इथली हरिणी खुर आपटते तेव्हा सोन्याची नाणी उडतात. एका अनाथ मुलाने तिला वाचवलेलं असतं. हावरट राजा तिच्याकडे सोनं मागतो. अट एकच, तो 'पुरे' म्हणाला की सगळ्या सोन्याची खापरं होतील. राजा म्हणतो, मी कशाला 'पुरे' म्हणतोय! आणि शेवटी सोन्याखाली गाडला जाऊ लागतो, तेव्हा तेच ओरडतो. त्याच साली राज कपूरचा 'आवारा' तिकडे गाजत होता आणि पुढच्या वर्षी नेहरू मॉस्कोला गेले. हवा तशीच होती.

१९६५ साली 'रिक्की-टिक्की-टावी' आला. किपलिंगच्या गोष्टीत मुंगूस सुगौली छावणीतल्या एका इंग्रज कुटुंबाच्या बंगल्यात राहतं. अलेक्सान्द्रा स्नेझ्को-ब्लोत्स्काया या दिग्दर्शिकेने ते कुटुंब सरळ भारतीय करून टाकलं. कुठे भाषण नाही, घोषणा नाही, फक्त घराचे मालक बदलले. मग १९६७ ते १९७१ या काळात रोमान दाविदोव यांचा पाच भागांचा 'मौगली' आला. नागपूरहून जबलपूरकडे जाताना जे सिवनी लागतं, तिथलाच हा आपला मोगली. रशियन भाषेत चित्ता-बिबट्या जातीच्या त्या प्राण्याचा शब्द स्त्रीलिंगी, म्हणून त्यांची बगीरा ही बाई आहे, आणि काय रुबाबदार आहे!

अतामानोवचाच १९५७ सालचा 'हिमराणी' जपानपर्यंत पोहोचला. तिथे हायाओ मियाझाकी नावाचा एक तरुण आपलं काम सोडण्याच्या विचारात होता. हा चित्रपट पाहून आपण ॲनिमेशनमध्येच राहिलो, असं त्यांनी स्वतः सांगितलं आहे. ते पुढे जगातले एक थोर ॲनिमेशन दिग्दर्शक झाले.

चेबुराश्का आणि लांडगा

'सोनेरी हरिणी' आणि 'हिमराणी' या दोन्हींच्या कलादिग्दर्शनात एक नाव आहे, लिओनिद श्वार्त्समन. हा लेनिनग्राडला शिकलेला. त्याची आई लेनिनग्राडच्या वेढ्यात गेली. तो वेढा जवळपास ९०० दिवस चालला, त्यात लोक उपासमारीने कसे मेले, हे मी या मालिकेत पूर्वी सांगितलं आहे. पुन्हा सांगत नाही.

या श्वार्त्समनकडे १९६०च्या दशकाच्या अखेरीस एक काम आलं. एदुआर्द उस्पेन्स्की यांच्या पुस्तकात एक अनोळखी प्राणी होता, संत्र्यांच्या पेटीत झोपून चुकून शहरात पोहोचलेला. प्राणिसंग्रहालय त्याला घेत नाही, कारण तो कुठल्या जातीचा तेच कोणाला ठाऊक नाही. श्वार्त्समनने त्याचे कान मोठे करत करत डोक्यावरून बाजूंना आणले, शेपूट काढून टाकलं, पाय आखूड केले आणि डोळे लहान मुलाचे दिले. झाला चेबुराश्का. रोमान काचानोव यांनी १९६९ साली 'मगर गेना' हा कठपुतळ्यांचा चित्रपट केला. गेना प्राणिसंग्रहालयात मगरीची नोकरी करतो, संध्याकाळी कोट घालून घरी येतो आणि एकटाच बुद्धिबळ खेळतो. शेवटी मित्र हवा म्हणून तो गावभर जाहिराती लावतो. त्या वाचून येणाऱ्यांत हा बेघर, बेनाव प्राणी असतो.

आईला उपासमारीत गमावलेल्या माणसाने जगाला हे पोर दिलं. त्यात कडवटपणाचा एक थेंब नाही. श्वार्त्समन २०२२ साली वारला, वयाची शंभरी ओलांडून.

आणि तो लांडगा? ती मालिका म्हणजे 'नू, पगादी!', म्हणजे 'थांब, बघतोच तुला!' दिग्दर्शक व्याचेस्लाव कोत्योनोच्किन. १९६९ ते १९८६ या काळात १६ भाग. संवाद जवळपास नाहीतच, म्हणून आमच्यासारख्या कच्च्या विद्यार्थ्यांनाही कळायची. लांडग्याचा आवाज अनातोली पापानोव यांचा. आमच्या प्रशिक्षकांनी सांगितलं ते खरं होतं. १९४२ साली आघाडीवर पापानोव जबर जखमी झाला, पायाची बोटं गेली, लष्कराने अपंग म्हणून घरी पाठवलं. काठी टेकत तो नाट्यशिक्षण घ्यायला गेला. १९८७ साली तो गेल्यावर पुढचे दोन भाग त्याच्या जुन्या ध्वनिमुद्रणातून आवाज घेऊन केले, कारण दुसऱ्या आवाजात तो लांडगा कोणी ऐकून घेतला नसता.

दुसरी बाजू

आता कोणी म्हणेल, कर्नलसाहेब फार गोड गोड सांगतायत. तसं नाही. हा स्टुडिओ सरकारी होता. पगार वेळेवर, तिकीटबारीची चिंता नाही, एका दहा मिनिटांच्या चित्रपटावर वर्ष घालवायची मुभा. पण त्याची किंमत होती. प्रत्येक पटकथा, प्रत्येक चित्रपट वरून मंजूर व्हावा लागे.

१९६८ साली आन्द्रेई ख्र्झानोव्स्की यांनी 'काचेचा हार्मोनिका' केला. पैशाने कुरूप झालेलं एक गाव आणि तिथे सूर घेऊन येणारा एक वादक. चित्रपट पुरा झाला त्याच सुमारास, ऑगस्टमध्ये, सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले. गावातल्या काळ्या कोटवाल्या हुकूमशहात अधिकाऱ्यांना काय दिसायचं ते दिसलं. चित्रपट कपाटात गेला, तो जवळजवळ वीस वर्षांनी बाहेर आला. दिग्दर्शकाला सक्तीच्या लष्करी सेवेवर धाडलं. लष्करी सेवा ही शिक्षा म्हणून वापरली, याचा मला एक गणवेशधारी म्हणून जास्त राग येतो.

उडत येणारी पत्रं

शेवटचं नाव युरी नॉर्श्तेइन. जन्म सप्टेंबर १९४१, ऐन युद्धात. हा माणूस काचेच्या अनेक तावांवर वेगवेगळे कापलेले तुकडे ठेवून वरून चित्रीकरण करतो, म्हणून त्याच्या चित्रात खोली येते. चित्रकार त्याची पत्नी, फ्रान्चेस्का यार्बुसोवा. १९७५ सालचा त्यांचा 'धुक्यातला साळिंदर' दहा मिनिटांचा आहे. तो मुलांना जरूर दाखवा.

१९७९ सालचा 'गोष्टींची गोष्ट' मात्र आधी स्वतः बघा. त्याचं मूळ नावही अधिकाऱ्यांनी बदलायला लावलं होतं. १९८४ साली लॉस एंजेलिसला जाणकारांनी त्याला सर्व काळातला उत्कृष्ट ॲनिमेशनपट ठरवलं. त्यात एक दृश्य आहे. दिव्याखाली जोडपी टँगो नाचतायत. मध्येच तबकडी अडखळते आणि एक पुरुष नाहीसा होतो. पुन्हा सूर, पुन्हा अडखळ, पुन्हा एक. बायका तशाच हात वर धरून उभ्या राहतात. मग वाऱ्यावर त्रिकोणी घड्या उडत येतात. युद्धात रशियन सैनिकांकडे पाकिटं नसत, पत्राचीच त्रिकोणी घडी करत.

मंडळी, मी असं पत्र लिहिलं आहे. नव्वदच्या दशकात माझ्या कंपनीतला एक लाइनमन तुटलेली तार जोडायला गेला आणि परतला नाही. सरकारी तार गेली होतीच. मी मराठीत पत्र लिहिलं, चार वेळा फाडून. पुढे रजेवर त्याच्या गावी गेलो. त्याच्या आईने डब्यातून ते पत्र काढून माझ्या हातात दिलं. म्हणाली, "साहेब, शाळेतली पोरं भरभर वाचत्यात. तुम्ही लिवलंय, तुम्हीच वाचा." मी वाचलं. हळूहळू वाचलं.

कित्येक वर्षांनी, निवृत्त झाल्यावर, मुलाच्या संगणकावर हा चित्रपट लावला. पत्रं उडत आली तसा मी बंद केला. चार दिवसांनी पुन्हा लावला आणि शेवटपर्यंत पाहिला. काही जण परत येतात त्यात. एकाचा पाय गेलेला असतो आणि तरी तो नाचतो. मी बऱ्याच युद्धांवर या मालिकेत बोललो आहे. नकाशे दाखवले, तुकड्यांची संख्या सांगितली. त्या आईच्या हातातल्या पत्राबद्दल आज पहिल्यांदा बोलतोय, तेही एका कार्टूनमुळे.

नंतर

नॉर्श्तेइनने १९८१ साली गोगोलच्या 'ओव्हरकोट'वर काम सुरू केलं. फार हळू करतो म्हणून स्टुडिओने त्याला काढलं. तो चित्रपट अजून अपुरा आहे. सोव्हिएत युनियन कोसळल्यावर स्टुडिओचेही हाल झाले. सरकारी पैसा आटला. १९९२ साली जुन्या चित्रपटांचे परदेशातले हक्क एका अमेरिकन कंपनीकडे गेले आणि कोर्टकचेऱ्या झाल्या. २००७ साली अलिशेर उस्मानोव या उद्योगपतीने तो संग्रह विकत घेऊन रशियाच्या मुलांच्या वाहिनीला दिला. आज स्टुडिओ मॉस्कोत नव्या इमारतीत आहे, संगणकावर नव्या मालिका करतो. त्याच्या नावावर दीड हजारांहून अधिक चित्रपट जमा आहेत. आणि २०२३ च्या पहिल्या दिवशी आलेला 'चेबुराश्का' हा नवा चित्रपट तोवरचा सर्वाधिक कमाई करणारा रशियन चित्रपट ठरला. पेटीतून आलेल्या पोराला अखेर घर मिळालं म्हणायचं.

रशियाच्या राजकारणाबद्दल तुमचं-माझं मत काहीही असो. वायरलेसवर बसलेला खित्रुक, बोटं गमावलेला पापानोव, आई गमावलेला श्वार्त्समन, सगळं कुटुंब गमावलेला वाइनबर्ग. यांच्यापाशी द्वेष करायला भरपूर कारण होतं. तो त्यांनी मुलांच्या ताटात वाढला नाही. आपण घरात, शाळेत मुलांना इतिहास सांगतो तेव्हा काय वाढतो, हे मी हल्ली बोलण्याआधी दोनदा तपासतो.

तर इंदूरच्या काकू, नातवंडांसाठी क्रम असा: आधी 'नू, पगादी!', मग 'सोनेरी हरिणी', मग 'मगर गेना', मग 'धुक्यातला साळिंदर'. ती झोपली की मग तुम्ही एकट्याने 'गोष्टींची गोष्ट'.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.